कर्करोगाच्या मुळाशी : डॉ. वसंत रामजी खानोलकर

खानोलकर हे आडनाव कानावर पडले की आपल्या कलाशाखेच्या वर्गात पहिल्याने आठवतात ते चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू. ग्रंथालयातील संदर्भाच्या कपाटाशी ज्यांची ओळख आहे त्यांना ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’ सिद्ध करणारे गं. दे. खानोलकर आठवतील. परमवीरचक्राचे रेखाटन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर यांचे नावही कोणी सांगेल. हे आडनाव ज्या गावावरून पडले ते खानोली वेंगुर्ले तालुक्यात आहे, आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सारा मुलूख आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता. एवढे असूनही याच आडनावाच्या एका थोर शास्त्रज्ञाची आपल्याला फारशी माहिती नसते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव केला जातो, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

मी मराठी विषयाची विद्यार्थिनी. सूक्ष्मदर्शक यंत्र हाताळले ते काय शाळेत असताना. तेव्हा एका प्रयोगशाळेच्या प्रमुखाविषयी मी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या वाडीतल्या बोलण्यात आहे. अमक्याला टाटाला नेले, असे कोणी सांगितले की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. कशासाठी नेले हे विचारावेच लागत नाही. मुंबईतील परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव कोकणात त्या रोगाचेच नाव होऊन बसले आहे. मग ओटीवर बसलेली माणसे भोग, प्रारब्ध आणि पूर्वजन्म यांविषयी बोलू लागतात. ज्या वास्तूच्या नावाने आपण असे हात टेकतो, त्याच वास्तूतील प्रयोगशाळांचा प्रमुख आयुष्यभर हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, असे विचारीत राहिला. पुष्कळ बाबतींत त्याचे उत्तरही त्याला मिळाले. ते उत्तर आपल्यापर्यंत नीट पोहोचले नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते, आणि म्हणूनच हा लेख.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली, आणि रोगाचे कारण शोधायचे तर प्रयोगशाळा हवी ही जाणीव या देशात प्रथमच तीव्रतेने झाली. ज्या पिढीचे बालपण या साथीच्या सावलीत गेले, त्या पिढीतील हा मुलगा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली. डॉक्टर होऊन परदेशाहून परतलेल्या तरुणाने दवाखाना थाटावा, मोटार घ्यावी आणि नावलौकिक मिळवावा, असा तो काळ होता. खानोलकरांनी निवडलेल्या शाखेत यातले काहीच सहजासहजी मिळण्यासारखे नव्हते.

विकृतिशास्त्रज्ञ हा रुग्णाला क्वचितच दिसणारा डॉक्टर आहे. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा त्याच्याकडे येतो. तो फॉर्मेलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, केसाहूनही पातळ असे त्याचे काप काढायचे, ते काचेच्या पट्टीवर घेऊन रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास पाहत बसायचे. पेशी आपल्या मर्यादेत आहेत की मर्यादा सोडून भलतीकडे घुसल्या आहेत, हा निर्णय त्याने द्यायचा आणि त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याने पुढचे पाऊल टाकायचे. निर्णय चुकला तर एखाद्याचा जबडा विनाकारण जातो, किंवा जायला हवा तो राहतो आणि माणूस जातो. या कामात टाळ्या नाहीत, पण जबाबदारी मोठी आहे.

लंडनमध्ये खानोलकर शिकत होते तेव्हा कर्करोगाच्या कारणांविषयी दोन गोष्टी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. आणि १९१५ साली यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानाला महिनोन् महिने डांबर चोळून तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखवला होता. बाहेरची वस्तू अंगाला सतत लागत राहिली तर त्या जागी हा रोग मूळ धरू शकतो, हे यातून सिद्ध झाले होते. भारतात अशी वस्तू कोणती, हे मात्र कोणी पद्धतशीरपणे शोधलेले नव्हते.

मायदेशी परतल्यावर खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. परळचे हे दुसरे महाविद्यालय १९२६ साली के.ई.एम. रुग्णालयाबरोबर सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगीबरोबर घातलेली होती. मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवण्याच्या त्या दिवसांत ही अट म्हणजे स्वदेशीचाच एक प्रकार होता. भारतीय माणूस संशोधन करू शकतो की नाही, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जाई. खानोलकरांसारख्या अध्यापकांनी त्याला कामातून उत्तर दिले.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९४१ साली. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी हेही गेले. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे कर्करोगाचे खास रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालकपद खानोलकरांकडे आले. परळ म्हणजे गिरणगावाचे काळीज. रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने उतरलेला चाकरमानी याच भागातल्या खोल्यांत गाळ्यागाळ्यांनी राहत होता. त्याच्या शेजारी गुजराती व्यापारी, पारशी कुटुंबे, उत्तरेकडचे भय्ये, आंध्रातले मजूर, मुसलमान विणकर, गोव्याचे ख्रिस्ती, अशी अठरापगड वस्ती.

त्या काळी वैद्यकीय वर्तुळात एक समजूत रूढ होती. कर्करोग हा पाश्चात्त्य सुधारणेचा रोग आहे, साधे अन्न खाणाऱ्या आणि साधे राहणाऱ्या हिंदी लोकांना तो फारसा होत नाही, असे पुष्कळांना वाटे. आपल्या लोकांना तर ही समजूत सुखावणारीच होती. खानोलकरांनी ती तपासून पाहिली. रुग्णालयात सलग आलेल्या १००० मुखकर्करोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये भारतीयांना कर्करोग कितपत होतो या प्रश्नावर त्यांचा दुसरा निबंध आला. आपल्याकडे कर्करोग कमी दिसतो याचे एक मोठे कारण, तो होण्याचे वय गाठण्यापूर्वीच बहुतेक माणसे अन्य रोगांनी जातात. शिवाय रुग्णालयापर्यंत पोहोचतात ती थोडकीच. वय लक्षात घेतले तर हिंदी माणसाला या रोगापासून कसलेही अभय नाही. फरक आहे तो जागेचा. युरोपात जो रोग पोटात वा आतड्यात अधिक दिसतो, तोच आपल्याकडे तोंडात आणि घशात दिसतो.

येथे खानोलकरांची दृष्टी किती वेगळी होती ते ध्यानात येते. मुंबईच्या गर्दीत त्यांना एक तयार प्रयोगच मांडून ठेवलेला दिसला. एकाच शहरात, एकाच तलावाचे पाणी पिणारे आणि एकाच हवेत वावरणारे लोक. तरी प्रत्येक समाजाचे खाणे, नेसणे, लग्नाचे वय आणि व्यसन निराळे. मग प्रत्येक समाजात रोगाची जागाही निराळी निघाली, तर कारण हवापाण्यात नसून त्या रीतीभातीत असले पाहिजे. त्यांच्या विभागात काचपट्टीवरील पेशींइतकेच महत्त्व रुग्णाच्या सवयींच्या नोंदीला आले. हा माणूस कोणत्या समाजातला, तंबाखू ओढतो की चघळतो, आणि चघळत असेल तर गोळी तोंडात कोणत्या बाजूला धरतो, असे प्रश्न. घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारावेत इतके साधे प्रश्न आहेत हे. ते हजार माणसांना त्याच क्रमाने विचारले आणि उत्तरे शेजारी शेजारी मांडली, की त्यांतून शास्त्र उभे राहते.

१९४५ सालीच सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी लिहिलेला एक निबंध जगभर गाजला. रूढी आणि कर्करोग यांचा संबंध दाखवून त्यांनी भारतातील तीन नवे प्रकार त्यात नोंदवले. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशेषतः बायका, चुट्टा म्हणजे जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांना टाळूचा कर्करोग होतो, जो इतरत्र दुर्मीळ आहे. बिहारकडे चुना मळलेली तंबाखू खालच्या ओठामागे दाबून ठेवतात. तेथे रोग नेमका त्याच खाचेत उगवतो. आणि तिसरा धोतराचा. वर्षानुवर्षे धोतराची गाठ कमरेला एकाच जागी करकचून आवळली जाते. घाम, मळ आणि घर्षण यांनी तेथील कातडी आधी रंग सोडते, मग जाड होते, चिरते आणि क्वचित कर्करोगाचे रूप घेते. काश्मिरात थंडीसाठी फेरणाखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांना पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग आधीच माहीत होता. खानोलकरांच्या कामामुळे या विखुरलेल्या गोष्टींना एक सूत्र मिळाले. रोग तेथेच होतो जेथे सवय शरीराला रोज स्पर्श करते.

यावर एक शंका निघण्यासारखी होती. समाजासमाजांत रोगाचा फरक आहे तो सवयीमुळे, की रक्तामुळे? आपल्याकडे लग्ने जातीतच होतात. तेव्हा एखाद्या जातीच्या रक्तातच हा दोष उतरत असेल, असे कोणी म्हणाले तर? ही शंका केवळ शास्त्रीय नव्हती. वंशशुद्धीच्या नावाखाली युरोपात नुकताच जो संहार झाला होता, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. खानोलकरांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. संघवी या तरुण संशोधकाबरोबर त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांतील सात आनुवंशिक लक्षणांची मोजणी केली, रक्तगट त्यांत आलेच, आणि ती प्रसिद्ध केली. भारतातील मानवी आनुवंशशास्त्राच्या आरंभीच्या कामांत तिची गणना होते. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यात रोगी आणि निरोगी यांच्या सवयी समोरासमोर ठेवल्या होत्या. तंबाखू चघळणाऱ्यांत रोग तोंडाच्या आत, ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशात, अशी विभागणी त्यातून पुढे आली. लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, हे सर्वांना ठाऊक आहे. चघळण्याच्या तंबाखूबाबत परळमध्ये त्याच तोडीचे काम चालू होते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

हे वाचीत असताना मला सारखी आमच्या आजीची मशेरी आठवत होती. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावून घटकाभर बसायचे. दाढ दुखते म्हणून लग्नानंतर सासूने तिला ती लावली, आणि मग आयुष्यभर सुटली नाही. वाडीतल्या कितीतरी बायकांची हीच कथा आहे. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही, त्या स्वतःही म्हणत नाहीत. ते दात घासणेच असते. पुरुषाच्या चंचीकडे निदान बोट दाखवले जाते. घरातली रीत म्हणून जे होते ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही. खानोलकरांची थोरवी मला येथे जाणवते. डोळ्यावर न येणारी रीत त्यांनी नोंदवहीच्या रकान्यात आणली, आणि ती आणताना रीत पाळणाऱ्या माणसाला हिणवले नाही. धोतर नेसणारा अडाणी किंवा चुट्टा ओढणारी रानटी, असा सूर त्या कामाला नाही. कारण सवयीत आहे याचा अर्थ सवय बदलता येते. जे कर्मात लिहिलेले असते ते बदलता येत नाही. या दोहोंत रुग्णाच्या बाजूचे कोणते, हे सांगायला नको.

१९५२ साली परळ येथेच भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. येथे त्यांनी यंत्रांपेक्षा माणसे अधिक जमवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांतील एक नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे, ते डॉ. कमल रणदिवे यांचे. पुण्यात वनस्पतींच्या पेशींवर काम करून आलेल्या कमलताईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेतून ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परत आल्या व या केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यातही त्या पुढे होत्या. त्या काळातली मराठी स्त्री संशोधनाच्या क्षेत्रात येऊ शकली त्यामागे तिची स्वतःची जिद्द तर होतीच, पण तिला ओट्याजवळ जागा देणारे गुरूही लागतात. खानोलकर असे गुरू होते.

कर्करोगाइतकाच समाजाने टाकलेला दुसरा रोग म्हणजे महारोग. त्याच्या अगदी आरंभीच्या डागांतील पेशींचा अभ्यास खानोलकरांनी केला. तो १९५१ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी महारोग्याच्या शरीरातून घेतलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. तो खरोखर महारोगाचाच जंतू आहे काय, यावर जगभर वाद झाला, आणि महारोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढवण्याचे कोडे आजतागायत सुटलेले नाही. तरी त्या जंतूपासून पुढे लस तयार करण्याचे प्रयत्न याच संस्थेत झाले. मोठ्या शास्त्रज्ञाच्या सगळ्याच वाटा मुक्कामाला पोहोचत नाहीत. त्या कोठपर्यंत गेल्या याची प्रामाणिक नोंद मागच्यांच्या उपयोगी पडते.

त्यांच्या कामाची दखल जगाने घेतली. १९५० ते १९५४ या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्ष होते. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे किरणोत्सर्गाची भीती पसरली तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी त्याचे परिणाम तपासण्याचे काम हाती घेतले. त्या कामातही त्यांचा सहभाग होता. केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय प्राध्यापकपद दिले. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. आणि आपल्या दृष्टीने जवळची गोष्ट म्हणजे, ज्या मुंबई विद्यापीठाची पदवी आपण घेणार आहोत, त्याचे ते १९६० ते १९६३ या काळात कुलगुरू होते.

त्यांच्या पद्धतीचे मोल कळण्यासाठी एक वेगळे उदाहरण घेऊ. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर या विकृतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या एका अतिदुर्मीळ कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांनीही रुग्णांच्या पूर्वायुष्याची चौकशी केली, आणि धागा जाऊन पोहोचला निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणींपाशी. त्यांतील काही जणांनी खाणीत कधी पाऊल टाकलेले नव्हते. त्यांचे बालपण तेवढे त्या मुलखात गेले होते. श्वासाबरोबर गेलेला तंतू वीस, तीस, चाळीस वर्षे छातीत गुपचूप बसतो आणि मग आपले काम करतो. आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना, कामगाराच्या प्रकृतीच्या नोंदी ४० वर्षे, किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, जपण्याचा आदेश दिला, आणि हवेतील तंतू गाळणीवर धरून मोजण्याची चाचणीही लागू केली. नोंद ठेवणे हाच येथे न्याय ठरला. कोकणात कौले काढून सिमेंटचे म्हणून जे पत्रे घातले गेले, त्यांतल्या पुष्कळांत हाच तंतू आहे. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. तो कापताना, भोक पाडताना, फुटल्यावर झाडताना उडणारी धूळ घातक असते. या तंतूविषयी काम करणाऱ्या प्रयोगशाळा आज जगभर आहेत. रुग्णाच्या छातीतला रोग आणि त्याच्या घरावरचे छप्पर या दोन गोष्टी एका कागदावर मांडण्याची जी रीत त्या वापरतात, तीच रीत आपल्याकडे परळच्या प्रयोगशाळेत १९४१ पासून घडत होती.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले. त्यांचे संशोधन केंद्र १९६६ सालीच टाटा स्मारक रुग्णालयाशी एकत्र आले होते. पुढे संशोधनाचे काम नवी मुंबईत खारघर येथे गेले, आणि तेथील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे. नाव राहिले, पण त्यांनी जे सांगितले त्याचे काय झाले, याचा हिशोबही मांडला पाहिजे. १००० रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ चा. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. मधली ६८ वर्षे चुना-तंबाखू, पुड्या आणि मावा यांनी आपली टपरी भरली. बंदीनंतरही ती रिकामी झालेली नाही हे आपण सारेच जाणतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही, तंबाखू न घालता, कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. आपल्या परसातल्या पोफळी आणि आल्यागेल्यापुढे सरकवायचे तबक यांच्याशी गाठ असलेली ही गोष्ट कोकणात बोलायला अवघड आहे. पण आजही भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे, तेव्हा बोलणे भाग आहे.

खानोलकरांचे निबंध इंग्रजीत आहेत, आणि ते परदेशी नियतकालिकांत आले. शास्त्रज्ञाने जगाशी जगाच्या भाषेत बोलावे हे योग्यच आहे. पण परळच्या प्रयोगशाळेतून निघालेले ज्ञान लंडन आणि अमेरिकेला पोहोचले, आणि ज्यांच्या तोंडातले तुकडे त्या काचपट्ट्यांवर होते त्यांच्या वाडीपर्यंत यायला इतकी वर्षे लागली. हे अंतर शास्त्रज्ञांनी एकट्यांनी कापायचे नाही. ते भाषेचे काम आहे, म्हणजे आपले आहे. पथनाट्य बसवताना, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावात राहताना, उद्या शाळेत शिकवताना किंवा वर्तमानपत्रात लिहिताना, हे ज्ञान मराठीत आणि मालवणीत, आजीला समजेल अशा शब्दांत सांगणे कलाशाखेच्या विद्यार्थ्याला जमले पाहिजे. आजीची मशेरी मी अजून सोडवू शकलेले नाही. पण महिन्यातून एकदा दिव्याखाली तिचे तोंड उघडून हिरड्यांवर पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसते का, ते मी पाहते, आणि ती कुरकुरत का होईना, तोंड उघडते.